अडलेली स्त्री, अंगुलिमाल आणि श्वास

वर्षावासाच्या काळात परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते आणि श्रोत्यांत उपासिकांची संख्या नेहमीच अधिक असते. अशाच एका वाचनानंतर एका वृद्ध उपासिकेने आम्हांस प्रश्न केला. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. शहरातील नणंदेने 'गर्भसंस्कार' वर्गातील एक पुस्तिका आणून दिली होती आणि तीत प्राणायामाचे प्रकार सांगितले होते. शेजारच्या उपासकाने परित्राण पाठ लावण्याचा सल्ला दिला होता, तर शिबिर करून आलेल्या भाच्याने आनापान पुरेसे आहे असे सांगितले होते. कळा सुरू झाल्यावर सुनेने नेमके काय करावे, असा त्या माउलीचा सरळ प्रश्न होता. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर शोधताना ज्या सुत्तांकडे पुन्हा जावे लागले, त्यांची चिकित्सा येथे मांडीत आहोत.

प्रारंभ अंगुलिमालापासून करणे भाग आहे, कारण प्रसूतीच्या वेळी म्हणावयाचे परित्त म्हणून श्रीलंका, म्यानमार इत्यादी देशांत जे प्रसिद्ध आहे ते त्याच्याच नावाचे. मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्तात ही कथा येते. प्रव्रज्या घेतल्यानंतर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षाटनास निघतो आणि एक अडलेली स्त्री त्याच्या दृष्टीस पडते. तिच्या वेदना पाहून, प्राणी किती क्लेश भोगतात, हा विचार त्याच्या मनात उमटतो. ज्या पुरुषाने माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घातली, त्याला दुसऱ्याचे दुःख जाणवल्याचा हा या सुत्तातील पहिला क्षण आहे. तो परत येऊन तथागतांना ही गोष्ट सांगतो. तथागत त्यास सुचवितात की, जन्मल्यापासून आपण जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतला नाही, या सत्याने तुझे कल्याण होवो, असे त्या स्त्रीस जाऊन सांग. अंगुलिमाल थबकतो. हे तर धडधडीत असत्य होईल, असे तो म्हणतो. तेव्हा तथागत वाक्य दुरुस्त करतात: आर्य जन्मात जन्मल्यापासून, असे म्हण. तो तसे म्हणतो आणि ती स्त्री व तिचा गर्भ सुखरूप होतात.

या कथेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अट्ठकथाकारांनी स्त्री आणि भिक्खू यांच्यामध्ये पडदा आणला, थेरासाठी आसन मांडले आणि त्या आसनाच्या जागेलाच रोगहारक गुण चिकटविला. मूळ सुत्तात सत्यवचनाला जे स्थान होते ते हळूहळू जागेकडे, आसन धुतलेल्या पाण्याकडे आणि पठणाकडे सरकले. याहून गंभीर गोष्ट मिलिंदपञ्हात आढळते. परित्त कोणाला रक्षण देत नाही, याची तीन कारणे तेथे सांगितली आहेत: कर्माचे आवरण, क्लेशांचे आवरण आणि श्रद्धेचा अभाव. वादात राजाला निरुत्तर करण्यास हे उत्तर पुरेसे असेल. परंतु ज्या घरात परित्त म्हणूनही बाळंतीण दगावली त्या घरात या उत्तराचा अर्थ काय होतो? मेलेल्या बाईची श्रद्धा कमी पडली किंवा तिचे कर्म आडवे आले, एवढाच. रक्तस्राव का झाला, गाडी का मिळाली नाही, अंगात रक्त का नव्हते, हे प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र प्रकरण दिले, परंतु प्रसूतीचा हा प्रसंग त्यात घेतला नाही. त्यामागील कारण उघड आहे. शब्द उच्चारताच अडलेला गर्भ सुटतो, हा चमत्कार आहे आणि चमत्काराला बाबासाहेबांच्या धम्मात स्थान नाही. हा निर्णय आम्हांस मान्य आहे. तरीही नम्रपणे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चमत्कार वगळताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन गोष्टी आपल्या वाचनातूनही वगळल्या गेल्या. पहिली म्हणजे 'आर्य जन्म' हा शब्दप्रयोग. तेथे पालीत 'जाति' हाच शब्द आहे. एक स्त्री जन्म देण्यासाठी तडफडत असताना तिच्या निमित्ताने 'जाति' या शब्दाचा अर्थच पालटून टाकला जातो आणि आईच्या पोटातून होणाऱ्या जन्माच्या बरोबरीने आचरणातून होणारा जन्म उभा केला जातो. जातीच्या नावाने पिढ्यान्पिढ्या भरडल्या गेलेल्या समाजाने या ओळीवरून सहज पुढे जाणे बरे नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे अंगुलिमालाचे परत येणे. तो त्या दारावरून पुढे निघून गेला नाही, आपल्या अज्ञानावर मंत्राचे पांघरूणही घातले नाही. अधिक जाणणाऱ्याकडे तो गेला. सत्यक्रियेचा भाग बाजूला ठेवला तरी कथेचे एवढे हाड शिल्लक राहते आणि ते मजबूत आहे.

मात्र त्या सुत्तातील स्त्री निनावी आहे. तिच्या तोंडी एक शब्दही नाही. तिचे काय चालले होते हे आपल्याला अंगुलिमालाच्या डोळ्यांनीच दिसते. याउलट उदानात सुप्पवासा या कोलियकन्येची कथा आहे. सात वर्षे गर्भ वाहिला आणि सात दिवस ती अडून राहिली, असे तेथे म्हटले आहे. सात वर्षांचा गर्भ कोणी शब्दशः घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण सात दिवस अडलेली बाई ही आमच्या आजी-पणजींच्या आठवणीतील वस्तुस्थिती होती. सुप्पवासा त्या तीव्र वेदना बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या स्मरणाने सहन करते आणि त्याच वेळी नवऱ्याला निरोप देऊन तथागतांकडे धाडते. ती सहनही करते आणि माणूसही पाठवते, हे दोन्ही लक्षात ठेवले पाहिजे. प्रवचनांतून तिची सहनशीलता तेवढी सांगितली जाते, निरोप सांगितला जात नाही. कथेचा शेवट तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. मूल सुखरूप झाल्यावर, असा आणखी पुत्र हवा का, असे तथागत तिला विचारतात. आणखी सात हवेत, असे ती म्हणते. त्यावर तथागतांनी काढलेले उद्गार कौतुकाचे नाहीत. अप्रिय गोष्ट प्रियाचे रूप घेऊन बेसावध माणसाला कशी जिंकते, असा त्यांचा आशय आहे. मातृत्वाचे गोडवे गाण्यासाठी ही कथा वापरणाऱ्यांनी ती शेवटपर्यंत वाचलेली नसावी.

विहारांच्या भिंतींवर शालवृक्षाची फांदी धरून उभी असलेली महामाया आपण लहानपणापासून पाहतो. मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुत सुत्तात इतर स्त्रिया बसून किंवा निजून प्रसवतात, बोधिसत्त्वाची माता मात्र उभ्यानेच, असे अद्भुत म्हणून सांगितले आहे. बाबासाहेबांनी तोच प्रसंग किती वेगळ्या रीतीने लिहिला! वर जाणाऱ्या फांदीबरोबर महामाया उचलली गेली, तिला हिसका बसला आणि कळा सुरू झाल्या. अद्भुताच्या जागी कारण आले आणि वेदनाविरहित देवमातेच्या जागी कळा येणारी स्त्री आली. पुढची घटना आपण भिंतीवर रंगवीत नाही. परंपरेप्रमाणे सातव्या दिवशी महामाया मरण पावली. बाबासाहेबांच्या कथनात नामकरणाच्या समारंभातच ती आजारी पडते. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांच्या आत, गर्भारपण वा बाळंतपण यांच्याशी संबंधित कारणाने झालेल्या मृत्यूस आजचे वैद्यक मातामृत्यू म्हणते. महामायेच्या आजाराचे निदान आपल्यापाशी नाही. पण सिद्धार्थ गौतम हे आईविना वाढलेले मूल होते आणि ती आई बाळंतिणीच्या खाटेवरून उठली नाही, हे तर प्रत्येक बौद्ध मुलाला ठाऊक असते.

संयुत्तनिकायातील मातुगामसंयुत्तात स्त्रीला पुरुषाहून वेगळी अशी पाच दुःखे सांगितली आहेत. लहान वयात माहेर सोडून पतीच्या कुळात जाणे, मासिक पाळी, गर्भधारणा, प्रसूती आणि पुरुषाची सेवा करावी लागणे. यांतील मधली तीन शरीराची आहेत, पहिले व शेवटचे समाजव्यवस्थेचे. पाचही एकाच दोरीत ओवलेली आहेत. प्रसूतीच्या वेदनेला येथे पाप, शाप वा पूर्वकर्माचे फळ म्हटलेले नाही. ते दुःख आहे, एवढेच म्हटले आहे आणि दुःख म्हटले की त्याच्या निवारणाचा विचार आलाच. ज्या परंपरेत बाळंतीण दहा दिवस विटाळ म्हणून कोपऱ्यात पडे, त्या परंपरेच्या शेजारी हे छोटे सुत्त ठेवून पाहावे.

आता श्वासाकडे वळू. आनापानसति सुत्तातील सोळा पायऱ्यांपैकी पहिल्या चार शरीराशी संबंधित आहेत. दीर्घ श्वास घेताना तो दीर्घ आहे हे जाणणे, ऱ्हस्व घेताना तो ऱ्हस्व आहे हे जाणणे, सर्व कायेचा अनुभव घेत श्वास घेणे आणि कायसंस्कार शांत करीत श्वास घेणे. पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास लांब करण्याची वा आखूड करण्याची आज्ञा नाही. जसा आहे तसा तो जाणावयाचा आहे. शांत करणे त्यानंतर येते. प्राणायामात श्वासाला वळण लावले जाते, कोंडले जाते, मोजले जाते. ज्या स्त्रीचे अंग कळेने पिळून निघत आहे तिला कुंभक करावयास सांगणे हा आमच्या मते अविचार आहे. गर्भसंस्काराच्या पुस्तिकेत आणखी एक आमिष असते. अभिमन्यूप्रमाणे पोटातच शिकलेले तेजस्वी मूल जन्माला येईल म्हणे! मूल कसे निपजेल याचीही जबाबदारी आईच्या श्वासावर! शरीराच्या एवढ्या कष्टावर हा जादा भार कशासाठी, हे आम्हांस उमगत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा विषय विसाव्या शतकात पुढे आला. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. भीतीने स्नायू आवळतात, आवळलेल्या स्नायूंनी वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेने भीती वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रान्समधील डॉ. फर्नां लामाझ यांनी 1951 साली सोव्हिएत रशियात जाऊन पावलोव्हच्या सिद्धांतावर आधारलेली प्रसूतीची पूर्वतयारी पाहिली आणि पॅरिसमधील ज्या प्रसूतिगृहात ती पद्धत सुरू केली ते धातुकामगारांच्या संघटनेने चालविलेले होते. श्वासाची ही शिकवण तेथे प्रथम कामगारांच्या बायकांना मिळाली, हे आपण विसरू नये. आज मात्र ती शहरांतील महागड्या वर्गांत विकली जाते. डिक-रीड यांची एक समजूत मात्र नाकारलीच पाहिजे. 'आदिम' स्त्रिया सहज प्रसवतात, सुसंस्कृत स्त्रियांनाच वेदना होतात, असे ते मानीत. आमच्याकडेही ही समजूत आहेच. कष्टकरी बाईला बाळंतपण जड जात नाही, खुरपता खुरपता ती बाळंत होते, असे बांधावर उभे राहून म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला कळा येतात. ऐकणारा कोणी नसतो.

आमच्या भाषेत हे ज्ञान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. 'दम धर', 'दम खा', 'आता कुंथ', 'आता कुंथू नको' एवढ्या चार शब्दांत सुईण सारे प्रसूतिशास्त्र चालवीत असे. मराठीत 'दम' म्हणजे श्वासही आणि धीरही. तिचे म्हणणे शरीरशास्त्राला धरूनच होते. कळ भरात आली की ती साधारणतः पाऊण ते एक मिनिट टिकते आणि मग ओसरते. घाबरून भराभर श्वास घेतला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. श्वास सावकाश सोडला तर आवळलेले खांदे, जबडा, मांड्या सैल पडतात आणि दोन कळांमधली विश्रांती खरोखरच विश्रांती होते. गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्यापूर्वी कुंथण्याची उबळ आली तर तोंडाने फुंकर घातल्यासारखे लहान श्वास ती आवरण्यास मदत करतात. बाळाचे डोके बाहेर येऊ लागले की तसेच लहान श्वास घेतल्याने ते सावकाश येते आणि अंग फाटणे कमी होऊ शकते. ही सुईण कोण होती? मराठवाड्यातील अनेक गावांत ती मातंग किंवा महार समाजातील स्त्री असे. नाळ कापणे हे विटाळाचे काम, म्हणून ते तिच्याकडे. कळा चालू असताना तिचे हात घराच्या सर्वांत आतल्या खोलीत चालत आणि बाळाला न्हाऊमाखू घालून झाले की तिच्यासाठी पुन्हा उंबरठ्याबाहेरची जागा ठरलेली असे. तिच्या पद्धतीत दोष होते, अस्वच्छतेने माता व बालके दगावली, हेही खरे. परंतु रुग्णालये आल्यावर तिचे कौशल्य कोणी नोंदवून घेतले नाही आणि तिला प्रशिक्षण देण्याचे जे प्रयत्न झाले ते सरकारी योजनांच्या पाठोपाठ विरत गेले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे 1970 पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील, त्यांतही दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले, हा सन्माननीय अपवाद.

आनापान आणि सुईणीचा 'दम' यांत आम्हांस विरोध दिसत नाही. अमेरिकेत 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी सतीच्या अभ्यासाला रुग्णालयात आणले आणि नॅन्सी बार्डाके या सुईणीने त्यावरून प्रसूतीचा अभ्यासक्रम बेतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसूतिकाळातील सेवेविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून श्वसन, स्नायूंचे शिथिलीकरण आणि सजगता यांना स्थान दिले आहे. वेदना किती कमी होतात याविषयीचा पुरावा मात्र फार बळकट नाही आणि तो बळकट असल्याचा आव आपणही आणू नये. संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला लागलेला पहिला बाण आणि त्यावर मनाने केलेल्या आक्रोशाचा दुसरा. श्वासाची सती दुसऱ्या बाणापासून वाचवू शकते. पहिला बाण खराच असतो. हा भेद विसरला की आनापानाचे शस्त्र होते. ओरडणाऱ्या बाईला, तुझी साधना कच्ची आहे, असे ऐकवले जाते. वेदनाशामक मागणारीला दुबळी ठरविले जाते. स्वतः तथागतांनी जीवकाकडून औषध घेतले आणि विनयात भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरणच आहे. औषध घेतल्याने सती मोडते असे कोठेही म्हटलेले नाही.

प्रसूतिगृहात आणखी एक श्वास चालतो, तोही चिकित्सेतून सुटता कामा नये. 'श्वास कोंड, जोर लाव' असा गलका, मांडीवर चापट, 'तेव्हा नाही का ओरडलीस' असे उद्गार. आमच्या ओळखीच्या अनेक स्त्रियांच्या आठवणीत बाळाच्या पहिल्या रडण्याआधी हेच शब्द आहेत. वर उल्लेखिलेल्या शिफारशी याच्या नेमक्या उलट सांगतात. स्त्रीने आपल्या अंगातून येणाऱ्या उबळीप्रमाणे कुंथावे, पोटावर दाब देऊन मूल ढकलू नये, तिला हवे तर उभे राहता-फिरता यावे आणि तिच्या पसंतीची सोबतीण तिच्याजवळ असावी. महामायेची उभी मूर्ती दिवाणखान्यात लावणाऱ्यांनी आपल्या सुनेला खाटेवर उताणे का झोपवले जाते, असे एकदा तरी विचारावे.

श्वासाने सारे साधत नाही. रक्तस्राव श्वासाने थांबत नाही, झटके थांबत नाहीत, आडवे आलेले मूल वळत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' गणला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि बाईचे दिवस भरले म्हणून कोयता अर्धा ठेवता येत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या आठव्या महिन्याच्या बाईला श्वासाचे तंत्र शिकविणे ही क्रूर थट्टा ठरेल, जर तिच्या विश्रांतीचा प्रश्न आपण उचलणार नसू. थेरीगाथेत किसागोतमीच्या गाथांत प्रसूतीसाठी घराकडे निघालेली आणि वाटेतच बाळंत झालेली एक स्त्री आहे. अडीच हजार वर्षांनी कोपीत आणि वाहनात बाळंत होणाऱ्या स्त्रिया तिच्याच वाटेवर आहेत. बाबासाहेबांनी 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्वलाभ विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, असे मांडले होते. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, 1961 साली देशाचा झाला, 2017 साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. कोयत्याच्या हिशेबात यातला एक आठवडाही उतरलेला नाही. प्रसूतीच्या दुःखावर बाबासाहेबांनी परित्त निवडले नाही, विधेयक निवडले. अंगुलिमालाची प्रसूतिकथा त्यांच्या ग्रंथात का नाही, याचे आणखी एक उत्तर आम्हांस येथे सापडते.

त्या वृद्ध उपासिकेकडे आम्ही पुन्हा गेलो. सुनेने आजपासूनच रोज सायंकाळी दहा मिनिटे, भिंतीला टेकून, येणारा-जाणारा श्वास जाणावा, म्हणजे कळांच्या वेळी ती गोष्ट अनोळखी राहणार नाही, असे सांगितले. कळ आली की श्वास कोंडू नये, हळू सोडावा. कण्हावेसे वाटले तर कण्हावे. परित्त ऐकून मन स्थिर होत असेल तर जरूर ऐकावे. पण अंगावरून रक्त जाऊ लागले, पाणी जाऊन कळा आल्या नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली तर पाठ अर्धा सोडून 108 ला फोन करावा. पुस्तिका परत करावी. आणि सुनेची इच्छा असेल तर सासूने स्वतः तिच्याबरोबर आत जावे, कळेच्या वेळी तिचा हात धरावा, तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा.

"मला आत सोडतील का?" तिने विचारले. केंद्र शासनाच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहात सोबतीण असण्याची तरतूद आहे, असे आम्ही तिला सांगितले. तिने ते नाव एका कागदावर लिहून मागितले आणि तो कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला.